सांगली-मिरजेच्या बाजारातली आवाजाची नळी: मापं, वापर आणि गोळ्या-स्प्रेशी तुलना

वस्तू एवढीशी आहे. ३५ सेंटीमीटर लांबीची मऊ सिलिकॉनची नळी, आतलं छिद्र ९ ते १० मिलिमीटर, आणि सोबत रुंद तोंडाची अर्ध्या लिटरची बाटली. बाटलीत पाणी घ्यायचं, नळीचं एक टोक दोन सेंटीमीटर पाण्यात, दुसरं ओठांत, आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. लहान मूल सरबताच्या ग्लासात करतं तोच हा प्रकार. म्हणूनच कुणी सुचवलं तर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पण बसलेल्या आवाजासाठी बाजारात जे काही विकलं जातं, त्यात आवाज तयार होतो त्या जागेपर्यंत खरोखर पोचणाऱ्या वस्तू दोनच आहेत: वाफ आणि ही नळी. त्यातही स्वरयंत्राला काही शिकवणारी फक्त नळी.

सांगली जिल्ह्यात आवाजावर पोट असणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथेच रंगभूमीवर आणलं, पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. शाहीर, भजनी मंडळं, कीर्तनकार, जत्रांच्या हंगामात रोज नवं गाव गाठणारे तमासगीर तर आहेतच. शिवाय झेडपीच्या शाळेत दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या बाई आहेत, मार्केट यार्डात हळदीच्या धुळीत उभं राहून सौदे पुकारणारे आहेत. या सगळ्यांच्या खिशात गोळ्यांची पट्टी हमखास सापडते. नळी क्वचितच कुणाकडे असते.

नळी वापरताना नेमकं काय जाणवायला हवं, ते आधी सांगतो, कारण वस्तूची खरी परीक्षा तिथेच आहे. ओठ, गाल आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना गुदगुल्या झाल्यासारखी थरथर लागली पाहिजे. घशात काहीच लागता कामा नये. बहुतेकांना हे उलटं वाटतं. आवाज घशातून येतो, मग व्यायाम घशात लागायला नको का? नको. याचं कारण स्वरयंत्राच्या बनावटीतच आहे.

डोळे मिटून हात वर केला तरी बोट कुठे आहे ते कळतं. हाताच्या स्नायूंत ताण मोजणारे तर्कूच्या आकाराचे बारीक अवयव असतात, ते मेंदूला सतत खबर देतात. आता डोळे मिटून सांगा, तुमचे स्वरतंतू या क्षणी उघडे आहेत की मिटलेले? बाईचा स्वरतंतू साधारण ११ ते १५ मिलिमीटर लांब, पुरुषाचा १७ ते २१. एवढी चिमुकली वस्तू श्वासाबरोबर उघडते, बोलताना मिटते, पट्टी बदलली की ताणली जाते, पण ती कुठे आहे याची जाणीव आपल्याला होत नाही. स्वरयंत्राच्या स्नायूंत हातासारखे ताणमापक अवयव किती आहेत आणि ते काम करतात का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आंतरदर्वी स्नायूत, म्हणजे मागच्या बाजूने दोन्ही तंतू जवळ आणणाऱ्या स्नायूत, ते काहींना आढळले. इतर स्नायूंत फार थोडे किंवा नाहीतच.

मग स्वरयंत्राला स्वतःची खबर लागते कशी? मुख्यतः आतल्या ओलसर अस्तरातून आणि सांध्यांतून. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत स्वरयंत्राच्या मज्जातंतूत तीन प्रकारचे खबरे सापडले. एक दाब बदलला की बोलतात, आणि यांचीच संख्या सर्वांत मोठी. दुसरे स्नायू आखडले, यंत्र हललं की बोलतात. तिसरे हवेच्या झोताने अस्तर गार झालं की बोलतात. म्हणजे हे यंत्र दाब, हालचाल आणि गारवा यांतून स्वतःला ओळखतं. स्वरतंतूंच्या वरच्या भागाची खबर 'सुपीरियर लॅरिंजियल' या मज्जातंतूच्या आतल्या फांदीतून जाते, खालच्या भागाची 'रिकरंट' या मज्जातंतूतून. दोन्ही दहाव्या मस्तिष्क मज्जातंतूच्या, व्हेगसच्या शाखा. हुकूम उलट वाटेने येतो: तंतू ताणून सूर चढवणारा क्रिकोथायरॉइड स्नायू पहिल्याच्या बाहेरच्या फांदीवर चालतो, बाकी सगळे रिकरंटवर. स्वरतंतू उघडणारा स्नायू एकच आहे, मिटणारे अनेक.

यातला डाव्या बाजूचा रिकरंट सरळ गळ्यात न येता छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीला वळसा घालतो आणि मग वर चढतो. म्हणून छातीतल्या आजाराची पहिली चाहूल कधीकधी बसलेल्या आवाजातून लागते. हे शेवटी पुन्हा कामाला येईल.

आता नळीकडे. पाण्यात दोन सेंटीमीटर खोल बुडवलेल्या नळीतून बुडबुडा बाहेर पडायला तोंडात दोन सेंटीमीटर पाण्याइतका दाब तयार व्हावा लागतो. साधं बोलताना फुप्फुसातून येणारा दाब ५ ते १० सेंटीमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे नळीमुळे स्वरतंतूंच्या वरच्या बाजूलाही हवेची उशी तयार होते. तंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी थोडे सुटे राहून थरथरतात, आणि कमी जोरात आवाज निघतो. शिवाय बुडबुडे फुटताना तोंडातला दाब सेकंदाला साधारण दहा ते तीस वेळा कमीजास्त होतो. वर सांगितलेले सर्वांत जास्त संख्येचे खबरे दाबाचेच आहेत. ज्या यंत्राला स्वतःची खबर पुसट लागते, त्याला नळी त्याच्याच भाषेत मोठ्याने खबर देते. ओठागालांतली थरथर तर जाणिवेच्या पातळीवरच लागते. घशात काय चाललंय ते कळत नसलं तरी ओठांत काय चाललंय ते कुणालाही कळतं, आणि त्यावरून आवाज सुटा आहे की आवळलेला हे ताडता येतं. आवळला की थरथर ओठांतून नाहीशी होते.

आपटण्याचा हिशेब करून पाहा. बाईच्या बोलण्यात तंतू सेकंदाला साधारण २०० वेळा मिटतात-उघडतात, पुरुषाच्या ११० ते १२० वेळा. शाळेच्या एका तासात बाईंचा आवाज निव्वळ दहा मिनिटं चालू राहिला असं धरलं तरी १ लाख २० हजार वेळा तंतू तंतूवर आदळले. ओरडताना प्रत्येक आदळणं जास्त जोराचं. दिवसाचे सहा तास मांडले तर पाच मिनिटं उशीवर चालवलेल्या आवाजाची किंमत कळते.

पाण्यातल्या नळीचा उपचार मूळचा फिनलंडचा. १९६०च्या दशकात आन्ती सोविजार्वी यांनी तो काचेच्या नळीने रूढ केला; मोठ्या माणसांसाठी ती २६ ते २८ सेंटीमीटर लांब आणि ८-९ मिलिमीटर छिद्राची. पुढे मार्केट्टा सिह्वो या तिथल्याच वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी काचेच्या जागी सिलिकॉन आणि बाटली आणली. 'लॅक्स व्हॉक्स' या नावाने विकल्या जाणाऱ्या नळ्या त्याच घराण्यातल्या. नाव छापलेला तयार संच ऑनलाइन मिळतो, पण त्यात नळी आणि बाटलीपलीकडे काही नसतं. जास्तीचे पैसे मोजायचं कारण दिसत नाही.

खरेदीला मिरजेत किंवा सांगलीत सर्जिकल साहित्याच्या दुकानात, नाहीतर प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडे जावं आणि 'सिलिकॉन ट्यूब, आतला व्यास नऊ किंवा दहा' असं स्पष्ट सांगावं. नुसतं 'नळी द्या' म्हटलं की भलतंच हातात पडतं. हार्डवेअरच्या दुकानात गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी मिळते. ती पीव्हीसीची, वासाची आणि कडक. ओठांत धरायच्या लायकीची नाही. मत्स्यालयाच्या पंपाची नळी सिलिकॉनची असू शकते, पण तिचं छिद्र चारेक मिलिमीटरचं. त्यातून अडथळा फार वाढतो आणि नवखा माणूस गळा आवळून फुंकायला लागतो. चांगली नळी ओळखायची दोन साधनं: बोटाभोवती गुंडाळली तर चिमटत नाही, गोलाई धरून राहते, आणि गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून हुंगली तर रबराचा वास येत नाही. लांबी थोडी जास्तच घ्या, घरी कात्रीने ३५ सेंटीमीटरवर सरळ कापा. टोक तिरकं कापलं तर खोली नीट मोजता येत नाही.

कात्री हातात आहे तोवर नळीच्या खालच्या टोकापासून २, ४ आणि ७ सेंटीमीटरवर पक्क्या शाईच्या पेनाने तीन रेघा मारून ठेवा. ही युक्ती तयार संचातसुद्धा नसते, आणि तिच्याशिवाय सगळं अंदाजपंचे होतं. रेघ पाण्याच्या पातळीला टेकली की खोली कळली. बाटलीत पाणी आठ-दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त भरू नये, बुडबुड्यांनी ते वर उसळतं. टोक बाटलीच्या तळाला टेकू देऊ नका. टेकलं की तोंड बंद होतं, दाब एकदम चढतो आणि गळा आपोआप आवळला जातो.

बसण्याची पद्धत महत्त्वाची. बाटली टेबलावर किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, नळी उभी, मान सरळ. बाटली मांडीवर घेतली की हनुवटी छातीकडे जाते आणि स्वरयंत्र दबतं. नळी ओठांत एक सेंटीमीटर आत, दातांच्या मधून, पण दातांत चावून नव्हे. श्वास नाकाने. पहिल्यांदा आवाज न काढता नुसते बुडबुडे, तीन वेळा. मग दोन सेंटीमीटरवर 'ऊ', बोलण्याच्या सहज पट्टीत, पाच-सहा सेकंद, सात-आठ वेळा. पाणी एकसारखं खदखदलं पाहिजे, चुलीवर मंद आचेचं आधण येतं तसं. त्यानंतर खालच्या सुरापासून वर आणि वरून खाली मींड घेतल्यासारखं सरकायचं, आधी छोट्या टप्प्यात, मग सा ते पंचमापर्यंत, मग तार षड्जापर्यंत. शेवटी एखादी ओळ, प्रार्थना असो की पोवाड्याचं ध्रुवपद, शब्दांशिवाय नळीतून. मग नळी बाजूला ठेवून तीच ओळ शब्दांसह म्हणायची. हा शेवटचा भाग लोक गाळतात आणि तिथेच फायदा अर्धा होतो. बुडबुड्यात मिळालेली ढिलाई लगेच बोलण्यात उतरवली नाही तर स्वरयंत्र जुन्या सवयीवर परत जातं. सगळं मिळून तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. एकदम अर्धा तास करण्याने काही साधत नाही.

तंबोरा किंवा पेटी लावून केलं तर दुप्पट लाभ, कारण सूर लागतो कसा याचा दुसरा अर्धा भाग कानात आहे. सा लावताना स्वरतंतूंचा ताण आवाज निघण्याआधीच ठरलेला असतो. मेंदू जुन्या अनुभवावरून आगाऊ हुकूम सोडतो. आवाज निघाल्यावर कान तपासतो आणि दुरुस्ती करतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले चार्ल्स लार्सन आणि सहकाऱ्यांनी हे सुंदर पद्धतीने मोजलं. माणसाला लांब 'आ' म्हणायला लावायचं, त्याचाच आवाज हेडफोनमधून त्याला ऐकवायचा आणि मधेच तो यंत्राने किंचित चढवायचा. माणसाचा खरा आवाज त्याला नकळत उलट दिशेला, म्हणजे खाली सरकतो, तोही सुमारे १०० ते १५० मिलिसेकंदांत. विचार करायला वेळच नाही. मिरजेत सतारमेकर तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणकार, खुलवतात. स्वरतंतूंचं मिटणंही तितक्याच केसभराचं काम आहे, आणि ते आपल्या आत न सांगता सतत चालू असतं.

त्याच गटाच्या २००८ सालच्या प्रयोगात स्वरतंतूंचं अस्तर लिग्नोकेनने बधिर केलं आणि हीच चाचणी घेतली. कानावरून होणारी दुरुस्ती आणखी मोठी झाली. आतली खबर पुसट झाली तेव्हा मेंदूने कानावर जास्त भिस्त टाकली.

घसा बधिर करणाऱ्या स्प्रेवर आणि गुळण्यांच्या औषधांवर आमचा रोख आहे तो यामुळे. दुखऱ्या घशाला तात्पुरता आराम म्हणून डॉक्टरांनी दिलं तर प्रश्न नाही. पण कार्यक्रमाच्या आधी 'घसा मोकळा व्हावा' म्हणून लिग्नोकेनचा फवारा मारून स्टेजवर चढणं हे डोळ्यांवर पट्टी बांधून दुचाकी चालवण्यासारखं आहे. औषध स्वरयंत्राच्या वरच्या भागापर्यंत उतरलं तर आतली खबर जाते. मग उरतो कान. जत्रेच्या पटांगणात बाजूला पाळणे, जनरेटर, शेजारच्या फडाचा कर्णा आणि समोर ढोल-ताशे असताना कानही उरत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार्ड यांनी १९११ सालीच दाखवलं होतं. बधिर घसा आणि वर गोंगाट म्हणजे आवाज चढतोय, तंतू जोरात आदळताहेत आणि थांबवायला दुखणंही नाही. तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटते ती अशाच रात्री. शाहीर कानावर हात ठेवून गातात त्यामागे पिढ्यांचं शहाणपण आहे: बाहेरचा गलका कमी, स्वतःचा आवाज जास्त, म्हणजे दुरुस्तीसाठी कान मोकळा. स्प्रेने नेमकं याच्या उलट होतं.

बधिरपणाचा आणखी एक धोका खाण्यापिण्यातला. स्वरयंत्राचं पहिलं काम गाणं नव्हे, फुप्फुसांचं रक्षण हे आहे. पाण्याचा थेंब भलत्या जागी लागला की त्या बाजूचा मिटणारा स्नायू १६ ते १८ मिलिसेकंदांत हलतो, आणि साठ-सत्तर मिलिसेकंदांच्या सुमारास दोन्ही बाजू मिटतात. अस्तर बधिर असेल तर हा पहारा ढिला पडतो. फवाऱ्यानंतर तासभर चहासुद्धा घेऊ नये. नाक-कान-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने स्वरयंत्र पाहण्याआधी कधी कधी हाच फवारा मारतात. तपासणीनंतर काही वेळ स्वतःचा आवाज परका वाटतो तो त्यामुळे, काही बिघडलं म्हणून नव्हे.

मेन्थॉलच्या गोळ्या निरुपद्रवी समजल्या जातात. त्यांच्याबद्दल इतकंच: मेन्थॉल गारवा ओळखणाऱ्या खबऱ्यांना हुलकावणी देतं. हवा तेवढीच वाहते, पण गार लागल्यामुळे जास्त मोकळी वाहतेय असं वाटतं. नाकाबाबत हे मोजून दाखवलेलं आहे: मेन्थॉल हुंगल्यावर नाक मोकळं वाटतं, हवेला होणारा अडथळा मात्र जसाच्या तसा. म्हणजे गोळीने आवाज सुधारला असं वाटणं आणि सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळी चघळण्याने लाळ सुटते, वारंवार गिळलं जातं आणि खाकरणं कमी होतं, एवढा तिचा खरा गुण. तो खडीसाखरेतही आहे.

ज्येष्ठमध, मध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या यांबद्दल सांगलीत तरी कुणाला पटवायची गरज नाही. हळदीचं तर हे गावच. घशाच्या वरच्या भागाला, टॉन्सिलच्या परिसराला त्यांनी बरं वाटतं. पण त्यांतला एकही थेंब स्वरतंतूंवर पडत नाही. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, झाकण मागे कलतं, तंतू मिटतात आणि घोट दोन्ही बाजूंच्या खाचांतून अन्ननलिकेत उतरतो. तंतूंवर पडला तर ठसका लागेल. पाणी पिण्याने तंतू ओले राहतात ते आतून, रक्तावाटे, आणि त्याला वेळ लागतो. स्टेजवर चढताना प्यालेला तांब्या त्या कार्यक्रमाच्या उपयोगाचा नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमधाच्या कांड्या रोज चघळू नयेत, त्याने दाब वाढतो.

वाफेचं यंत्र ही एकच दुसरी वस्तू, जी तंतूंपर्यंत पोचते, कारण ती श्वासातून जाते. पाच-दहा मिनिटं, साध्या पाण्याची, बाम न घालता. बाम घातला की पुन्हा मेन्थॉलचाच खेळ. उकळत्या पातेल्यावर टॉवेल घेऊन बसण्यापेक्षा यंत्र बरं, आणि लहान मुलांना पातेल्याजवळ नेऊच नये. वाफेने अस्तर ओलं होतं, पण बोलण्याची चुकीची सवय वाफेने सुटत नाही. वाफ घेऊन मग नळी, हा क्रम उत्तम.

नळीत काय बिघडतं तेही सांगितलं पाहिजे, कारण चुकीच्या वापराने नळी बदनाम होते. सर्वांत मोठी चूक खोलीची. 'जितकं खोल तितका व्यायाम जास्त' असं समजून माणूस टोक थेट तळाशी नेतो. दहा सेंटीमीटर खोलीवर बुडबुडा काढायलाच बोलण्याचा सगळा दाब खर्च होतो, मग आवाजासाठी आणखी जोर लावावा लागतो, मानेच्या शिरा फुगतात. आवळून बोलणाऱ्याने दोनच्या रेघेवर राहावं, सराव झाल्यावर चारवर जावं. सातची रेघ त्यांच्यासाठी, ज्यांचे तंतू नीट मिटत नाहीत आणि आवाजातून हवा गळते. आणि तीही वाचा-उपचारतज्ज्ञांनी सांगितल्यावर.

दुसरी चूक नाकातून हवा सुटण्याची. आवाज चालू असताना नाक चिमटीत धरा. आवाज किंवा बुडबुडे बदलले तर हवा नाकातून जात होती, म्हणजे तोंडातला दाब तयारच झाला नव्हता. 'ऊ'च्या आधी 'ब' धरल्यासारखं तोंड करून सुरुवात केली की बहुधा हे सुटतं. बुडबुडे येतात पण आवाज नाही, असं झालं तर श्वास जास्त सोडला जातोय. आवाज येतो पण बुडबुडे थांबतात, तर ओठांच्या कडेतून हवा निसटतेय किंवा नळी दातांत दाबली गेलीय. चक्कर आली तर फुंकणं जोराचं आहे, थांबून साधे श्वास घ्यावेत. गाल फुग्यासारखे पूर्ण फुगू द्यायचे की नाही यावर मतं दोन आहेत. थोडे सैल सोडावेत, थरथर चांगली लागते.

तार सप्तकात काही जणांचा आवाज नळीतही तुटतो. तिथे जोर करू नये. तुटतो त्याच्या दोन सूर खाली यावं, पुन्हा मींडेने वर जावं. पेटीच्या काळी चार या पट्टीत गाणाऱ्या बाईला हा तुटण्याचा टप्पा पुरुषापेक्षा वेगळ्या सुरावर लागेल, म्हणून गुरुजींच्या पट्टीची नक्कल करून उपयोग नाही.

नळी प्रवासात नेणं सोपं, पाणी आणि बाटली काढून बसणं अवघड. फडाच्या राहुटीत किंवा स्टाफरूममध्ये स्टीलचा स्ट्रॉ चालतो, पाण्याविना, हवेतच. पाच-सहा मिलिमीटर छिद्राचा, 'ऊ' म्हणत, टोकासमोर हात धरून झोत एकसारखा येतोय ना ते पाहायचं. उसाच्या रसाच्या गाड्यावर मिळणारे कागदी स्ट्रॉ दोन मिनिटांत मऊ पडतात, कामाचे नाहीत; प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदीच आहे. स्ट्रॉत बुडबुड्यांचा हेलकावा नसल्यामुळे खबर थोडी कमी मिळते, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

खाकरण्याची सवय असणाऱ्यांना नळीचा एक वेगळा उपयोग आहे. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, माणूस खाकरतो, तंतू जोरात आदळतात, अस्तर सुजतं, सुजेमुळे पुन्हा अडकल्यासारखं वाटतं. हे चक्र मोडायला खाकरण्याची उबळ आली की एक घोट पाणी, गिळणं, आणि मग अर्धा मिनिट बुडबुडे. आठवडाभर नेटाने केलं तर फरक कळू लागतो.

आता जिथे नळी चालत नाही ते. आवाज तीन-चार आठवड्यांत सुधारला नाही, तर आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीची तपासणी, नळी नंतर. तंबाखू, बिडी किंवा मिश्री असेल तर इतकीही वाट पाहू नये. श्वास घेताना घर्र किंवा शिट्टीसारखा आवाज, थुंकीत रक्त, गिळताना त्रास, मानेत गाठ, यांत लगेच जावं. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बसला, किंवा बोलणं ठीक पण वरचे सूर गेले, तर मज्जातंतूला इजा झालेली असू शकते. वरचे सूर जाणं हे बहुधा सुपीरियर लॅरिंजियलच्या त्या बाहेरच्या फांदीला इजा झाल्याचं लक्षण. काही कारण नसताना आवाज अचानक एकाच बाजूने गेल्यासारखा, हवा गळणारा झाला आणि पाणी पिताना ठसका लागू लागला, तर डाव्या मज्जातंतूचा तो छातीतला वळसा आठवावा. डॉक्टर अशा वेळी छातीचीही तपासणी सांगतात आणि ती टाळू नये. मिरजेत दवाखान्यांची वाण नाही. तपासणी स्ट्रोबोस्कोपीची मिळाली तर ती मागावी. त्यात लुकलुकणाऱ्या प्रकाशाने तंतूंची थरथर संथ झाल्यासारखी दिसते आणि साध्या दुर्बिणीत न दिसणारा ताठरपणा पकडता येतो.

स्पॅझमोडिक डिस्फोनिया या आजारात बोलताना शब्द मध्येच अडखळून आवळतो, पण हसताना किंवा कुजबुजताना आवाज बराच ठीक असतो. तिथे बिघाड मेंदूकडच्या हुकुमात आणि खबरीत आहे. नळीने तो बरा होत नाही. त्याला स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याचा गुण साधारण तीन-चार महिने टिकतो. अशा माणसाला 'सराव कमी पडतोय' म्हणून दोष देणं फार अन्यायाचं आहे.

राहिली निगा. पाणी दर वेळी ताजं, पिण्याचं, कोमट किंवा साधं. झाल्यावर नळी आत-बाहेर साबणाच्या पाण्याने धुवायची, झटकून उभी टांगायची. आडवी ठेवली तर आत ओल राहते आणि काळे ठिपके पडतात. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं उकळत्या पाण्यात. सिलिकॉनला ते सोसतं. एक नळी एकाच माणसाची. भजनी मंडळाने नळ्या एकत्र घेतल्या तर टोकाला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवावा. ओठांच्या बाजूला दातांचे वण उमटले किंवा नळी चिकट लागायला लागली की नवी घ्यावी, आणि नव्या नळीवर २, ४, ७ च्या रेघा पुन्हा मारायला विसरू नये.